बिनदुधाची शिकरण

बुऱ्हाणपुरात थंडी तापीवरून येते. राजघाटाच्या पायऱ्या चढून धुकं गावात शिरतं, कोटाच्या भिंतीपाशी जरा अडतं आणि मग एकेका गल्लीत उतरतं. त्याला ओल्या केळीच्या पानांचा वास असतो, शेगडीतल्या कोळशांचा असतो, आणि कुठेतरी कढईत पडलेल्या मावा जिलबीचा असतो. यंदा थंडी फार उशिरा आली. मला वाटलं होतं येतच नाही. मग परवा सकाळी उठले तर फरशीवर पाय टेकवेना, आणि खिडकीतून समोरचं घर दिसत नव्हतं.

सूनबाईने चहा आणून दिला. माझा नेहमीचा, गवती चहा आणि गूळ घातलेला कोरा चहा नव्हता तो. दुधाचा होता.

"आई, घाबरू नका. हे वेगळं दूध आहे, लॅक्टोज काढलेलं. शनवाऱ्यावरच्या दुकानात आलंय आता. तुम्हाला काही होणार नाही."

"नक्की?"

"डॉक्टरला विचारूनच आणलं. पिऊन तर बघा."

मी पिऊन बघितला. दुधाच्या चहाची चव मी इतकी विसरले होते की पहिला घोट जिभेवर नुसता जड वाटला. मग दुपारपर्यंत पोटाकडे लक्ष देऊन बसले. काही झालं नाही. पोट फुगलं नाही, दुखलं नाही. संध्याकाळी सूनबाई खुशीत म्हणाली, "बघा, मी बोलली होती ना?" मी हसले. पण दिवसभर मनाला जे लागून राहिलं होतं ते तिला काय सांगणार? एवढंच करायचं होतं. दुधातली एक गोष्ट काढून टाकायची होती, बस.

मी चौथीत होते त्या वर्षी आमचं राज्य बदललं. तसं आम्ही आधीही मध्यप्रदेशातच होतो, पण तो नागपूरचा. आता नागपूर तिकडे गेलं, भोपाळ राजधानी झाली, आणि रीवा, ग्वाल्हेर, इंदूर असे कुठले कुठले मुलूख आमच्याशी जोडले गेले. गावाची भिंत तिथेच होती, नदी तिथेच होती, गिरणीचा भोंगा त्याच वेळी वाजत होता. तरी मोठी माणसं ओट्यावर बसून असं बोलायची, जसं काही आपण झोपेत असताना कुणी आपलं बिऱ्हाड हलवलं. अप्पा, म्हणजे माझे वडील, मराठी शाळेत मास्तर होते. शाळेतले मराठीचे वर्ग कमी होऊ लागले. हिंदीची परीक्षा द्या, नाहीतर बढती विसरा, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांच्याबरोबरचे दोघे मास्तर सामान बांधून जळगावकडे निघून गेले. अप्पा संध्याकाळी आतल्या खोलीत बसून पहिलीतल्या मुलासारखं मोठ्याने हिंदी वाचायचे. स्त्रीलिंग-पुल्लिंगात अडखळायचे, परत मागे जायचे. केस पांढरे व्हायला लागलेला माणूस असा वाचताना ऐकणं मला तेव्हाही बरं वाटत नसे.

आई शाहपूरची. तिच्या माहेरी केळीच्या बागा आणि दावणीला म्हशी. ती दुधातच वाढली होती. दूध तापायला ठेवून ती दुसऱ्या खोलीत काम करत असली तरी ऊतू जायच्या आधी नेमकी उठायची. लग्नानंतरही तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, लेकीचं दूध तोडलं नाही. रोज पहाटे शाहपूरहून येणाऱ्या दूधवाल्याच्या सायकलला आमचा पितळी डबा वेगळा बांधलेला असायचा.

त्यामुळे आमच्या घरी सकाळ म्हणजे दूध. थंडीत तर जास्तच. पिकून काळे ठिपके पडलेली केळी हाताने कुस्करून, वर सायीसकट दूध ओतून केलेली शिकरण आणि गरम पोळी. दहीपोहे, वर लाल मिरचीची फोडणी. ज्वारीच्या कण्या आणि ताक. शेवयांची खीर. रविवारी अप्पा सकाळीच जाऊन पानाच्या द्रोणात मावा जिलबी आणायचे. काळपट, जाड, बोटांना चिकटणारी. मी ती दुधात बुडवून खायची. आई म्हणायची, "हिला दुधातच ठेवा, हिला बाहेर काढू नका." तेव्हा आई खूप हसायची. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे ज्यांनी तिला पाहिलं त्यांना हे खरं वाटत नाही.

माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी मुकुंद झाला. घरात सगळे त्याला बाळच म्हणायचे. आईला बाळंतपणानंतर मोठा ताप आला, अंगावरचं दूध गेलं, आणि बाळ शाहपूरच्या दुधावर वाढलं. चांगलं वाढलं. भिंत धरून चालायला लागलं. त्या पावसाळ्यात गावात गोवर आला आणि बाळाला झाला. गोवर उतरला, पण पोट बिघडलं ते बिघडलंच. दिवसातून किती वेळा लंगोट बदलावा लागे. पोट ताठ, हातपाय काड्या. जो येई तो म्हणे, पोराच्या अंगात ताकद राहिली नाही, दूध वाढवा. आजोबांनी पहिल्या धारेचं वेगळं दूध पाठवायला सुरुवात केली. आई बोंडल्याने पाजायची. चोच असलेली ती छोटी वाटी तिच्या हातातून खाली जातच नव्हती. बाळ तोंड फिरवायचं, ती गालावर बोट ठेवून त्याचं तोंड परत वळवायची. "घे रे राजा, एक घोट घे. ताकद येईल." बाळ पाजल्यावर थोड्या वेळाने पाय पोटाशी घेऊन रडायचं. ते रडणं मोठं नव्हतं. बारीक होतं, दार करकरल्यासारखं.

दसऱ्यानंतर नदीकाठी बालाजीची जत्रा भरते. आमच्या गल्लीतली सगळी माणसं जत्रेला गेली होती त्या दुपारी बाळ गेलं. एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत. अप्पांनी त्याला हातावर घेऊन राजघाटाच्या पलीकडे नेलं आणि पुरलं. पुढे लोक अप्पांना विचारायचे, तुम्ही जळगावला का नाही गेलात? तिकडे मराठी शाळा होत्या, नातलग होते. ते म्हणायचे, इथलं पाणी मानवलंय. मला वाटतं, राजघाटापासून आईला उचलून नेण्याचं त्यांना धैर्य झालं नाही.

दिवाळी त्या वर्षी आमच्याकडे नव्हतीच. त्यानंतर थंडी सुरू झाली आणि मी आजारी पडले. आधी ताप, मग जुलाब. ताप गेला, जुलाब थांबेनात. आईने मला काहीच विचारलं नाही. फक्त तिने दुधाचा पेला मोठा केला. सकाळी, दुपारी, झोपताना. मी पिऊन झालं की ती पेला उलटा करून बघायची, तळाशी काही राहिलं तर नाही. माझ्या फ्रॉकचा कमरपट्टा सैल होत गेला. एका सकाळी मी मोरीतून परत येताना भिंत धरली. आई चुलीपाशी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या हाताकडे पाहिलं, आणि अप्पांना म्हणाली, "हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. मी पण येते."

सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई नव्यानेच आल्या होत्या, जबलपूरकडच्या. त्यांना मराठी येत नव्हतं. आईला हिंदी बाजारापुरतं, तेही भाव करण्याइतकंच. अप्पा मधे बसले. बाईंनी माझं पोट बोटांनी वाजवून पाहिलं, खाण्यापिण्याचं सगळं विचारलं. दुधाचं ऐकल्यावर त्यांनी हात वर केला.

"दूध बंद कीजिए. बिलकुल बंद. इसे दूध नहीं पच रहा."

"फिर ताकत कैसे आएगी?" अप्पांनी विचारलं.

"ताकत तो दूध से ही जा रही है, मास्टरजी. बच्चों में होता है ये. लंबे दस्त के बाद आँतें दूध नहीं झेल पातीं. जितना पिलाओगे उतना बिगड़ेगा. कुछ दिन बंद करके देखिए."

अप्पांनी आईला मराठीत सांगितलं. मी दोघांच्या पुढे स्टुलावर, बाईंकडे तोंड करून बसले होते, म्हणून आईचा चेहरा मला दिसत नव्हता. आवाज ऐकू आला, तोही फार खालचा.

"त्यांना विचारा, बाळाचंही हेच असेल का?"



"क्या पूछ रही हैं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कुछ नहीं. पूछ रही हैं, चावल दे सकते हैं क्या?"

"हाँ हाँ, चावल दीजिए. मूँग दीजिए."

अप्पा आईकडे वळून म्हणाले, "तांदूळ चालेल म्हणतात. मूग चालेल." आईने मान हलवली. तांदळाचं तिने विचारलंच नव्हतं हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.  इतवाऱ्याच्या दरवाजातून येताना अप्पांनी मला कडेवर घेतलं, एवढी मोठी असूनही.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने डबा आणला तेव्हा आई दारात उभी होती. तिने डबा भरलेलाच परत पाठवला. मग घरातली सायीची वाटी, विरजणाचं भांडं, ताकाची रवी, सगळं राखेने घासून माळ्यावर टाकलं. आणि त्या दिवसापासून आमच्या घरी एकेक न्याहारी नव्याने जन्माला आली.

पहिली शिकरण. मला दुसरं काही नको होतं, मी रडून शिकरण मागत होते. आईने शेंगदाणे भिजवले, साल चोळून काढली, पाट्यावर वाटले आणि धोतराच्या फडक्यातून पिळून पांढरं पाणी काढलं. दिसायला दूधच. त्यात केळं कुस्करलं. मी एक घास घेतला आणि थुंकला. कच्च्या शेंगांचा उग्र वास येत होता. आई रागावली नाही. दुसऱ्या दिवशी तिने दाणे आधी थोडे भाजले, आणि ते पाणी मंद आचेवर, सतत ढवळत शिजवून घेतलं. मग त्यात गूळ, वेलदोडा, आणि चिमूटभर मीठ. केळी अगदी पिकलेली, साल काळी पडलेली. रंग मातकट आला. पण वास केळ्याचा होता, आणि पोळीबरोबर ती चक्क चांगली लागली. मी वाटी चाटली. आई समोर बसून बघत होती. माझ्याकडेच बघत होती, पण मला आठवतं तेव्हा वाटतं, त्या वाटीवर आणखी कुणाचं तरी तोंड तिला दिसत होतं.

दहीपोह्यांना तिने चिंचेचा कोळ लावला, गूळ घातला, वरून कच्चं तेल आणि बारीक चिरलेला कांदा. ते मला दहीपोह्यांहून जास्त आवडले. कण्यांसाठी ताकाऐवजी अंबाडीची वाळलेली बोंडं भिजवून त्यांचं लाल आंबट पाणी काढलं, त्यात लसूण आणि जिऱ्याची फोडणी. अप्पांनी तो गुलाबी रंग पाहून ताट थोडं लांब सरकवलं होतं, पण मग दुसऱ्यांदा घेतलं. शेवया गुळाच्या पाण्यात शिजायला लागल्या. तुपाची तिला भीती होती. भाकरीवर करंगळीच्या नखाएवढं तूप लावून तिने मला दिलं आणि दिवसभर माझ्या मागे मागे फिरली. मला काही झालं नाही, तेव्हा घरात तूप परत आलं. ताक पुढे खूप दिवसांनी, चांगलं आंबवलेलं, तेही दोन घोट. दूध नाही, खवा नाही. माझं पोट सावरलं. फ्रॉक परत अंगाला बसू लागला. गल्लीतल्या बायका म्हणू लागल्या, पोरीच्या तोंडावर तेज आलं हो. आई ऐकून घ्यायची आणि आत निघून जायची.

मी बरी होत होते तसतशी ती आत आत जात होती. हे मला तेव्हा कळलं नाही, पण दिसत होतं. ज्या दिवशी मला भूक लागायची, त्या दिवशी ती जेवायची नाही. मी बरी झाल्याने तिला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळत होतं, रोज थोडं थोडं.

एकदा रविवारी तिने जिलबी करायचं मनावर घेतलं. खवा नाही, म्हणून कच्ची केळी उकडून, कुस्करून, शिंगाड्याच्या पिठात मळली. पहिला घाणा तेलात विरघळून गेला. दुसऱ्याचे तुकडे झाले. तिने पीठ वाढवलं, पुन्हा मळून पाहिलं, आणि शेवटी काळपट, वेडेवाकडे वेढे पाकातून बाहेर आले. अप्पा आणि मी खात होतो.

"कशी झालीय?"

"चांगली झालीय," अप्पा म्हणाले.

"खरं सांगा."

"खरंच चांगली झालीय. तू घे ना एक."

आईने ताटलीतली एक उचलली, बघितली आणि परत ठेवली. "त्याला ही सोसली असती," ती म्हणाली. एवढंच.  अप्पा उठून हात धुवायला गेले, आणि बराच वेळ तांब्याने पाणी घेत राहिले.

आजोबा आले ते त्याच आठवड्यात. डबा रोज परत जातोय हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. मोटारीतून स्वतः डबा मांडीवर घेऊन आले. दारातच म्हणाले, "दूध काबरं परत धाडते व? माझ्या म्हशीच्या दुधात का इख हाये?"

आई त्यांच्याशी बोलायला लागली की तिचीही बोली शाहपूरची व्हायची. "नाही दादा. पोरीले सोसत नाही."

"कोन म्हने?"

"डॉक्टरीनबाई."

"तिले का समजते? दुधानं कोनी मरते का? दुधावरच त लेकरं जगते." आजोबा ओसरीवर बसले. पागोटं काढून मांडीवर ठेवलं. आवाज उतरला. "तो पोऱ्या बी अशक्तपनानं गेला. दूध त्याच्या पोटात ठरलं असतं त वाचला असता. म्या त पहिल्या धारेचं धाडत होतो."

आई चुलीपाशी होती. तिने एक लाकूड मागे ओढलं, परत पुढे सारलं. मला वाटलं आता ती सांगेल. तिच्याजवळ सांगण्यासारखं सगळं होतं.

"हो दादा," ती म्हणाली. "ठरलं असतं त वाचला असता."

आजोबा जेवून गेले. जाताना डबा ठेवून गेले. ते गल्लीच्या वळणावरून दिसेनासे झाल्यावर आईने डबा उचलला आणि सगळं दूध मोरीत ओतलं. दूध सांडलं तरी जिचा जीव वरखाली व्हायचा, ती धार संपेपर्यंत शांत उभी होती. पुढे आजोबा म्हातारे होऊन गेले. जाईपर्यंत लोकांना सांगत राहिले की पोरगी शहरात राहून दुधाला विसरली. आईने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ती स्वतः दूध पचवू शकत होती. पण मी तिला त्यानंतर कधी दूध पिताना पाहिलं नाही. म्हातारपणी दवाखान्यात नर्सने पेला पुढे केला की ती म्हणायची, नको, आमच्या घरी चालत नाही. मला याच्यासाठी तिचा कधी कधी राग येतो. शिक्षा भोगायची तर निदान गुन्हा तरी असावा माणसाचा.

त्या हिवाळ्याच्या शेवटाला आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत नवं बिऱ्हाड आलं. नवऱ्याची कचेरीत बदली झाली होती, रीवाहून. तिवारी आडनाव. नवीन राज्याने त्यांना एवढ्या लांब आणून टाकलं होतं, आणि तिवारीणबाईंना इथलं काहीच समजत नव्हतं. भाजीवालीशी मराठीत कसं बोलायचं, पाणी कुठून भरायचं, काहीच नाही. आमच्यापेक्षा त्याच जास्त परक्या होत्या. त्यांना एक तान्ह्याहून थोडा मोठा मुलगा होता, मुन्ना. आई त्या घराकडे बघायची नाही. त्यांच्या दोरीवर लंगोट वाळत असले की आमची बाजूची खिडकी बंद असायची.

एके दिवशी सकाळी आई माझी वेणी घालत होती. भिंतीपलीकडून मुन्नाचं रडणं आलं. मोठं नाही. बारीक, दार करकरल्यासारखं. आईचा हात माझ्या केसांत थांबला. ती ऐकत राहिली. पुन्हा आलं. माझी वेणी अर्धी सोडून ती उठली आणि चपला न घालता त्यांच्या घरात शिरली. मी मागून धावले.

तिवारीणबाई मुन्नाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाजूला लंगोटांचा ढीग, हातात दुधाची कटोरी. पोराचं पोट ताठ दिसत होतं.

"दूध मत दो," आई म्हणाली. मी तिच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं पुरतं हिंदी वाक्य.

"क्यों दीदी? ताज़ा दूध है. बहुत कमज़ोर हो गया है."

"मत दो. दूध मत दो." का, हे सांगायला तिच्याजवळ शब्द नव्हते. ती तेच पुन्हा म्हणाली, आणखी मोठ्याने, आणि पुढे होऊन कटोरी धरली. बाईंनी सोडली नाही. ओढाओढीत दूध आईच्या पदरावर आणि पोराच्या पायांवर सांडलं. आतून तिवारी आले, कानाला जानवं तसंच.

"आप होती कौन हैं? बच्चा हमारा है!"

आई घरी आली. पदर बदलला. माझी वेणी पूर्ण केली. ती वाकडी झाली. दुपारी तिने मूग-तांदळाची पातळ पेज केली, मीठ घातलं, वाटीत भरून झाकली आणि त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून आली. संध्याकाळी वाटी तशीच होती. तिने उचलून आणली, ओतली, दुसरी करून ठेवली. ती पण तशीच. अप्पा म्हणाले, "ते लोक काय समजतील? राहू दे आता." ती राहू देईना. मग एका सकाळी वाटी रिकामी दिसली, घासून पालथी घातलेली. त्याच दिवशी तिवारीणबाई मुन्नाला घेऊन सरकारी दवाखान्यात जाऊन आल्या. तिथे त्यांना काय सांगितलं गेलं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. पण त्यांच्या दोरीवरचे लंगोट कमी होत गेले.

होळीच्या थोडं आधी, उन्हात बसावंसं वाटतं आणि बसवतही नाही अशा दिवसांत, तिवारीणबाई मुन्नाला कडेवर घेऊन आमच्या ओसरीवर आल्या. संकोचून उभ्या राहिल्या. आईने पाट दिला. आत जाऊन मऊ केळं कुस्करलं, दाण्याचं दूध घातलं आणि वाटी घेऊन आली. मुन्ना पहिल्या चमच्याला तोंड वेडंवाकडं करून बघत राहिला, मग दोन्ही हात वाटीत घातले. तिवारीणबाई हसल्या. आईच्या ओठाच्या कडेला काहीतरी हललं.

"दीदी, ये आपने किससे सीखा?"

आईला प्रश्न कळला असावा.  पण ती मुन्नाच्या हनुवटीवरचं केळं पुसत राहिली.

"आपके कितने बच्चे हैं?"

गावात हे आईला कुणी विचारत नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं. मी ओसरीच्या कडेला उभी होते. आतल्या खोलीत अप्पांचं मोठ्याने हिंदी वाचन चालू होतं.

"दो," आई म्हणाली.

"अच्छा? एक तो ये बिटिया. दूसरा कहाँ है, स्कूल गया है?"

"राजघाटावर आहे," आई मराठीत म्हणाली.

बाईंना समजलं नाही. त्या आईकडे, मग माझ्याकडे बघू लागल्या. आतलं वाचन थांबलं होतं. अप्पा दारात आले. पुस्तक हातातच होतं, बोट पानात अडकवलेलं.

"हमारा लड़का था," ते म्हणाले. सावकाश, शब्द शोधत, पण कुठे न अडखळता. "मुकुंद नाम था. दसहरे के बाद चला गया. राजघाट के पास है. उसको भी यही तकलीफ़ थी, आपके मुन्ने वाली. हमको पता नहीं था. हम दूध पिलाते रहे."

तिवारीणबाईंनी पदर तोंडाला लावला. आई मात्र मान वर करून अप्पांकडे बघत होती. त्या पावसाळ्यात अप्पा दिवसभर शाळेत असायचे. बाळाला दूध पाजायची ती एकटी आईच. ते 'हम' म्हणाले.

मुन्नाने केळ्याने बरबटलेला हात आईच्या लुगड्यावर टेकवला आणि तिच्या मांडीवर चढायला लागला. आईने त्याला चढू दिलं.